वैरागडेसाहेबांचा मखाणा

यशवंतराव वैरागड्यांनी आयुष्यात कुणाला काही विचारलं नाही. विचारणं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही हे चारचौघांत कबूल करणं, आणि हा कमीपणा त्यांनी टेलिफोन खात्यातल्या सगळ्या नोकरीत एकदाही पत्करला नव्हता. एखादं घर सापडलं नाही तर ते उन्हात गल्लीला फेऱ्या मारत राहात, पण पानठेल्यावर थांबून 'अमुक कुठं राहतात' असं तोंडातून काढत नसत. सांगायला मात्र त्यांना मनापासून आवडे. समोरच्यानं विचारलं नसलं तरीही.

अमरावतीहून बदली होऊन ते रायपूरला आले तेव्हा डोक्यावर भरपूर केस होते आणि शंकर नगरात भरपूर मोकळी जागा. आता दोन्ही उरलं नव्हतं. पण ज्या काळात फोनसाठी लोक वर्षानुवर्षं वाट पाहात, त्या काळात या गल्लीतल्या घराघरांत तार ओढून देणारे यशवंतरावच होते, आणि गल्लीनं ते विसरायचं नाकारलं होतं. फोन गेले, तारा गेल्या, खांब गेले. 'वैरागडेसाहब, नमस्कार' तेवढं राहिलं. सकाळी दुधाची पिशवी आणायला निघालेल्या यशवंतरावांना असे पाच-सहा नमस्कार मिळाले की त्यांचा दिवस बरा जाई. खरं सांगायचं तर या नमस्कारांवरच ते जगत होते.

त्यांची एकुलती एक पोट्टी स्नेहल लग्न होऊन पुण्याला गेली. तिला दिवस गेले, आणि शांताबाई पहिल्या बाळंतपणासाठी तिकडे जायला निघाल्या. इथवर सगळं जगरहाटीप्रमाणे होतं. पण स्नेहल आणि जावई सौमित्र यांच्या डोक्यात त्याच सुमारास एक किडा शिरला. आईबाबांनी आता रायपूरचं घर विकावं आणि कायमचं पुण्याला यावं. तिथं नातवंड असेल, चांगले दवाखाने आहेत, आईच्या गुडघ्याला लिफ्ट आहे. शांताबाईंना हे निम्मं पटलं होतं, आणि गुडघा दुखेल त्या दिवशी पूर्ण पटत होतं. यशवंतरावांना मुळीच पटलं नव्हतं.

"मी इथं एकटा मस्त राहतो," ते म्हणाले. "तू जाऊन ये."

"तुम्ही?" शांताबाई बॅग भरता भरता थांबल्या. "तुमाले स्वतःचा चष्मा सापडत नाही. मी माहेरी गेली होती तर तुळस वाळवून ठेवली होती तुम्ही. तुळस! जे कुठंबी जगते!"

"ते ऊन लय होतं तवा."

"बरं, असं करा. मी येईस्तोवर या घरात एक जीव जगवून दाखवा. मिरचीचं झाड म्हणा, वांग्याचं म्हणा. महालक्ष्म्यांच्या आधी मी वापस येतो, तवा त्याले काही लागलेलं दिसलं, तर मी स्नेहलले सांगतो की तुझे बाबा राहू शकते. नाही दिसलं, तर दिवाळीच्या आत घर विकायचं अन् पुणं. कबूल?"

"कबूल," यशवंतराव म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना आठवलं, की आपल्याला भाजी ताटात पडल्याशिवाय ओळखू येत नाही.

हे अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. घरातली बाजाराची पिशवी लग्नापासून शांताबाईंच्या हातात. यशवंतरावांनी भाजी पाहिली ती चिरलेली, फोडणी दिलेली, वर कोथिंबीर घातलेली. दोडका आणि दुधी शेजारी शेजारी ठेवले असते तर त्यांनी खाकरून विषय बदलला असता.

शांताबाईंची गाडी सुटली आणि पुढच्याच आठवडी बाजारात यशवंतराव पिशवी घेऊन हजर झाले. मिरचीचं रोप घ्यायचं एवढं पक्कं होतं. पण रोपांच्या ढिगाऱ्यात मिरची कुठली ते कळेना, आणि विचारायचं तर नव्हतं. तेव्हा ते सगळं काही माहीत असल्यासारखे मागे हात बांधून उभे राहिले. बियांच्या पुड्या घेऊन बसलेल्या बाईनं त्यांना जरा न्याहाळलं आणि एक पुडी पुढे केली.

"मखना ले जाव बाबूजी. अभी लगाए के टाइम हे."

यशवंतरावांचे कान टवकारले. डॉक्टरांनी नुकतंच त्यांना चिवडा बंद करून मखाणा खायला सांगितलं होतं. तो पांढरा, हलका, तुपात परतून खायचा मखाणा, ज्याची पाकिटं दुकानात सुकामेव्याच्या शेजारी ऐटीत बसलेली असतात. तो घरी पिकतो? मिरची काय कुणीही लावेल. शांता परत येईल आणि पाहील तर दारात मखाणा!

"यहां तो होता ही होगा," त्यांनी शक्य तितक्या बेफिकीर आवाजात म्हटलं.

"हव! जम्मो जगा होथे." म्हणजे सगळीकडे होतो, एवढं यशवंतरावांना कळलं.

आता इथं वाचकांना एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे यशवंतरावांच्या बरोबरीनं तुमचीही फसगत नको. छत्तीसगढीत मखना म्हणजे कोहळं. आपल्या विदर्भात ज्याला कोहळं म्हणतात आणि पुण्याकडे लाल भोपळा, तेच ते. ही गोष्ट रायपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शांताबाईंना तर पहिल्या महिन्यातच कळली होती, कारण त्या बाजारात जात. इतकी वर्षं या गावात काढून ती ठाऊक नसलेला माणूस एकच होता, आणि त्याच्या हातात आता पुडी होती.

घरी येऊन त्यांनी मोबाइलवर मखाण्याचा व्हिडिओ लावला. त्यात बिहारकडची माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. 'मखाणा तळ्यात होतो' एवढं ऐकल्यावर यशवंतरावांनी व्हिडिओ बंद केला. अर्ध्यातच सगळं कळणं हा त्यांचा जुना गुण होता.

तळं नव्हतं, पण मागच्या अंगणात जुन्या कूलरची टाकी होती. पाणी नळाला होतं. राहिला चिखल. तळ्यातल्या झाडाला तळ्याचाच चिखल हवा, असा विचार करून ते पिशवी आणि खुरपं घेऊन तेलीबांध्याला गेले. तेलीबांध्याचं तळं आता फरसबंद, दिव्यांच्या माळांनी नटलेलं आहे, तिथं लोक चालायला आणि फोटो काढायला येतात. कठड्यावरून ओणवा होऊन खुरप्यानं तळ खरवडू पाहणारा सदरा-पायजम्यातला म्हातारा पाहून ट्रॅकसूटमधले एक गृहस्थ धावत आले. त्यांना वाटलं, कुणी जीव द्यायला निघालाय.

"अंकलजी! क्या कर रहे हो?"

"मिट्टी चाहिए. मखाना लगाना है."

"मखना?" गृहस्थांनी सुटकेचा श्वास सोडला. "उसके लिए तालाब की मिट्टी? घर के पीछे कचरे में बीज फेंक दो, अपने आप हो जाता है."

या शिकल्यासवरल्या माणसाला मखाण्याची एवढीही माहिती नाही, याची यशवंतरावांना कीव आली. त्यांनी त्याला जाता जाता मखाणा पाण्यात कसा होतो ते समजावून सांगितलं. गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि हसत 'अच्छा, अच्छा' म्हटलं. रायपूरच्या माणसाचा हा एक गुण आहे. वडीलधाऱ्यांशी वाद घालून त्याला कधी समाधान मिळत नाही.

टाकीत पाणी भरलं, चिखल कालवला, निम्म्या बिया सोडल्या. पुढे काय व्हायचं तेच झालं. बिया फुगल्या, मग सडल्या. पाण्यावर तवंग आला, त्यावर डास आले. भिंतीपलीकडून साहूंच्या घरातून दुलारीदीदींचा आवाज आला, "भैया, कुछ मर गया है क्या आपके यहां?"

हरिदास साहू आणि त्यांची बायको दुलारी हे डावीकडचे शेजारी. हरिदास शाळेतून निवृत्त झालेले, बोलायला मऊ. दुलारीदीदी मुळीच मऊ नाहीत. त्या सरळ अंगणात आल्या, टाकीत डोकावल्या आणि पदर नाकाला लावून म्हणाल्या, "ये क्या बोया है?"

"मखाना."

"मखना? पानी में?" दीदींनी यशवंतरावांकडे, मग टाकीकडे, मग पुन्हा यशवंतरावांकडे पाहिलं. भाभी नाहीत, माणूस एकटा आहे, काहीतरी करून बसतोय, असं त्यांना वाटलं असणार. त्या पुढे जरा हळू आवाजात बोलल्या. "भैया, इतना पानी नहीं मांगता. फेंको इसको बाहर."

यशवंतरावांनी रडवेल्या तोंडानं टाकी भिंतीच्या कडेला उपडी केली. तिथं शांताबाई वर्षानुवर्षं भाजीची देठं आणि चहाचा चोथा टाकत आल्या होत्या. उरलेल्या बियांची पुडीही त्यांनी रागानं त्याच ढिगावर झटकली आणि ते आत येऊन पंख्याखाली बसले. एक जीवही जगला नव्हता. शांता जिंकली होती. दिवाळीच्या आत पुणं. त्यांनी डोळे मिटले तर त्यांना लिफ्ट दिसू लागली.

आठवडाभर ते मागच्या दारी गेले नाहीत. गेले तेव्हा ढिगातून जाड कानांचे हिरवे कोंब वर आलेले होते.

त्या क्षणी यशवंतरावांना जो आनंद झाला, तो स्नेहल झाली तेव्हाही झाला नव्हता. अर्थात तेव्हा ते ड्युटीवर होते. त्यांनी लगेच फोन लावला. "शांते! मखाणा उगवला!"

"काय उगवला?"

"मखाणा! आपल्या घरी!"

"मखाणा तर तळ्यात होते म्हणते. तुम्ही कुठं उगवून राहिले?"

"तुले काय माहीत? इथं जम्मो जगा होते."

"दाखवा बरं फोनवर."

"नाही. आली की पाहशील. नजर लागते."

शांताबाईंनी फोन ठेवला आणि स्नेहलला सांगितलं, "बाबा ठीक हायेत. थापा मारून राहिले."

वेल निघाला तो असा निघाला, की बोलायची सोय नाही. यशवंतराव सकाळी जिथं शेंडा पाहून जात, तिथून तो संध्याकाळी हातभर पुढे असे. भिंतीवर चढला, भिंतीवरून साहूंच्या बाजूला उतरला आणि पुढे गल्लीपर्यंत आला. यशवंतराव चहाचा कप घेऊन त्याच्याशेजारी बसू लागले. पाण्यातलं झाड कोरड्यावर आलं, म्हणजे जिद्दीचं आहे, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. गल्लीतले लोक थांबत, मान डोलावत.

"साहब, ये तो मखना है!"

"मखानाही है," यशवंतराव अभिमानानं म्हणत.

"बढ़िया चढ़ा है!"

असा संवाद रोज घडे, आणि दोन्ही बाजूंचं पूर्ण समाधान होऊन संपे. यशवंतराव म्हणत मखाणा, गल्ली ऐके मखना. मराठी माणूस जरा वेगळं बोलतो, एवढंच लोकांना वाटे. एकदा यशवंतराव हरिदासांना म्हणाले, "निकलने पर घी में भूनके खाऊंगा, डॉक्टर ने बोला है." हरिदासांनी क्षणभर विचार केला. कोहळं तुपात भाजून? पण ज्याच्या त्याच्या घरची रीत. "घी में तो सब अच्छा लगता है," ते म्हणाले.

मग फुलं आली. पिवळीधमक, पंज्याएवढी. आली तशी गळाली. तेव्हा दुलारीदीदींनीच भिंतीवरून मान काढून सांगितलं, की ही सगळी नर फुलं आहेत, यांची भजी करतात. मादी येऊ द्या, मग नराचं फूल खुडून तिच्यावर सकाळी सकाळी झटकायचं, कारण हल्ली भुंगे मेले वेळेवर येत नाहीत. "मादी के नीचे गोली होती है, छोटी सी," त्या म्हणाल्या. "वही तो मखना है." आणि जाताना त्यांनी मूठभर नर फुलं खुडून नेली. दुपारी त्यांची भजी ताटलीत घालून भिंतीवरून आली. यशवंतरावांनी मखाण्याच्या फुलांची भजी आयुष्यात प्रथमच खाल्ली आणि बिहारच्या लोकांनाही हे सुख ठाऊक नसेल असं त्यांना वाटलं.

पुढे कितीतरी सकाळी गल्लीला एक दृश्य दिसे. निवृत्त टेलिफोन अधिकारी, पायात चपला नाहीत, हातात पिवळं फूल, वेलाची पानं वर करकरून वधू शोधताहेत. जन्मभर या घराचं त्या घराशी कनेक्शन जोडलेला माणूस. या कामात त्यांचा हात चांगलाच बसला.

आणि गोळी धरली! हिरवी, गोल, बरोब्बर मखाण्याएवढी. यशवंतरावांनी चष्मा पुसून पाहिली. तीच! ते हरिदासांना ओरडले, "तोड़ लेता हूं! इतनाही तो होता है!"

"अरे नहीं नहीं!" हरिदास हातातला पेपर टाकून भिंतीशी आले. "अभी तो बच्चा है!"

बच्चा मोठा होऊ लागला. लिंबाएवढा झाला, तेव्हा यशवंतरावांना वाटलं, गावठी वाण असेल. नारळाएवढा झाला, तेव्हा त्यांच्या मनात पाल चुकचुकली. हे काहीतरी पाहिलेलं आहे. कुठंतरी, कुठल्यातरी बाजारात शांताची पिशवी धरायला कधीतरी उभे राहिलो असू तिथं... मग त्यांनी अशी गोष्ट केली, जी नोकरीत कधी केली नव्हती. त्यांनी विचारलं. भिंतीशी जाऊन, खालच्या आवाजात.

"साहूजी, एक बात बताओ. ये मखानाही है ना?"

"मखना नहीं तो और क्या?" हरिदास म्हणाले. "सौ टका मखना."

जन्मात एकदा विचारलं आणि उत्तर हे असं मिळालं. यशवंतरावांनी त्या दिवशी खात्रीसाठी व्हिडिओचा उरलेला अर्धा भागही पाहिला. त्यात एक मोठं गोल फळ फोडून आतून मखाण्याच्या बिया काढत होते. यशवंतरावांनी मांडीवर थाप मारली. म्हणजे मखाणे आत असतात! डाळिंबासारखे, गच्च भरलेले! आता ब्रह्मदेव खाली उतरला असता तरी त्यांची खात्री हलली नसती.

मध्ये ते नातीच्या बारशाला पुण्याला जाऊन आले. व्याह्यांनी विचारलं, "काय मग, वेळ कसा घालवता?" यशवंतराव उत्साहानं म्हणाले, "मखाणा लावून राहिलो." व्याह्यांनी आधी 'लावून राहिलो नव्हे, लावतोय' असं दुरुस्त केलं. मग मखाणा तुमच्याकडच्या हवामानात, आणि तोही जमिनीवर, येणं शक्य नाही, हे दुरुस्त केलं. मग सौमित्रच्या मावशीनं मखाणा हे पीक नसून पाणवनस्पती असल्याचं दुरुस्त केलं. यशवंतराव बासुंदीची वाटी घेऊन कोपऱ्यात जाऊन बसले. पुढं त्यांनी तोंड उघडलं ते नातीला 'ईरा' म्हणून हाक मारायला, आणि त्यातली ई दीर्घ आहे ना याची आधी मनाशी खात्री करून घेतली. शांताबाईंनी हे सगळं पंगतीत वाढता वाढता पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी 'वेल एकटा आहे' असं सांगून ते गाडीत बसले.

भाद्रपद लागला. महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या आणि शांताबाई परतल्या. बॅगेत सौमित्रनं दिलेले घराच्या व्यवहारासंबंधीचे कागद होते आणि मनात बरंचसं ठरलेलं होतं. नातीचा वास अजून लुगड्याला होता. नवरा कितीही थापा मारो, एक कुंडीतलं झाड जगवणं त्याच्यानं व्हायचं नाही, हे संसारात शिकलेलं शहाणपण होतं. स्टेशनवरून येताना यशवंतराव ऑटोत गप्पच होते. बोलले तर आनंदानं फुटतील की काय असं त्यांना वाटत होतं. आज फळ कापायचं होतं. त्यांनी अर्ध्या गल्लीला बोलावून ठेवलं होतं.

ऑटो वळला तोच दुलारीदीदी पुढे आल्या. "आ गईं भाभी! आपका मखना देखा? कतका बड़े होगे हे!"

शांताबाईंनी वर पाहिलं. भिंतीवर, पानांच्या गर्दीत, घरच्या जुन्या चादरीची झोळी बांधून त्यात विसावलेलं, मांडीत मावणार नाही असं भलंमोठं कोहळं होतं. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. छाती पुढे, डोळे चमकताहेत.

"पाहिला?" ते कुजबुजले. "मखाणा!"

शांताबाईंना एका क्षणात सगळं उलगडलं. फोनवरचं जम्मो जगा, नजर लागते म्हणून न दाखवलेलं झाड, सगळं. हसू असं दाटून आलं, की त्यांनी पदर तोंडावर धरला आणि प्रवासातल्या धुळीचं निमित्त करून खोकल्या. सांगावं का? अजून वेळ होता. गल्ली जमत होती. खुर्च्या टाकल्या जात होत्या. हरिदास स्वतः लाकडी पाट घेऊन आले होते. शांताबाईंचे शब्द ओठांवर आले, आणि त्यांना का कोण जाणे बासुंदीची वाटी घेऊन कोपऱ्यात बसलेला माणूस आठवला. आत जाऊन त्यांनी सुरी तेवढी आणून दिली.

अख्खं कोहळं बाईनं कापायचं नाही, पहिला घाव घरच्या पुरुषानं घालायचा, ही रीत विदर्भातही आहे आणि छत्तीसगढातही. त्यामुळे यशवंतरावांना पुढे करण्यात कुणालाच नवल वाटलं नाही. उलट दुलारीदीदींनी फळाला हळदकुंकू लावलं. यशवंतराव उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "भाइयों और बहनों, सब लोग बोलते थे कि यहां नहीं हो सकता." लोकांना असं कुणी कधी बोललेलं आठवेना, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. यशवंतरावांनी सुरी टेकवली, दोन्ही हातांनी दाबली.

कोहळं उकललं. आत केशरी, रसरशीत गर. मधोमध, जाळीत अडकलेल्या, चपट्या पांढरट बिया. त्या पुडीतल्याच.

"वाह! क्या मखना निकला है!" हरिदास म्हणाले.

"एकदम लाल!"

"मीठा होगा, देख लेना!"

सगळी गल्ली खूश होती. सगळ्यांना जे अपेक्षित होतं तेच निघालं होतं. एकट्या यशवंतरावांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी बियांकडे पाहिलं, गराकडे पाहिलं, आणि त्यांना ते आठवलं. ताटातल्या उजवीकडच्या कोपऱ्यातली, मेथीदाण्याची फोडणी दिलेली, केशरी भाजी. त्यांनी मान वर केली, आणि ती नजर सरळ शांताबाईंवर जाऊन थांबली, कारण एवढ्या माणसांत हे कळणारं दुसरं कुणी नव्हतंच. ती आता हसेल. मोठ्यानं हसेल आणि सांगेल.

शांताबाई पुढे झाल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून सुरी काढून घेतली.

"हमारे यहां महालक्ष्मी में इसके मीठे बोंड बनते हैं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "साहब ने उसी के लिए लगाया था. कोई जाना मत, अभी तलती हूं."

मग काय, परात निघाली, गूळ निघाला, दुलारीदीदी किसायला बसल्या. महालक्ष्म्यांचं कोहळं शांताबाईंनी आधी बाजूला काढून ठेवलं आणि उरलेल्याचे बोंड तळले. गल्लीनं उभ्या उभ्या खाल्ले आणि खाता खाता वेलाची सारी हकीकत भाभींना सांगितली. प्रत्येकानं साहेबांची पाठ थोपटली. साहेबांनी पुढच्या साली अजून वेल लावायचा सल्ला सगळ्यांना दिला. आवाज जरा बसलेला होता, पण सल्ला पूर्ण दिला.

सगळे गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

"तुले माहीत होतं?"

"ऑटोतून उतरल्याबरोबर."

"मंग सांगितलं काहून नाही?"

शांताबाई कढई उतरवत होत्या. त्या काही बोलायच्या आत फोन वाजला. स्नेहलचा होता. यशवंतराव तिथंच उभे राहिले. कागद टेबलावर पडलेले होते आणि त्यांच्याकडे पाहायची त्यांची हिंमत होत नव्हती.

"आई, पोचलीस ना? देखा क्या तूने? बाबांचं झाड जगलं?"

"जगलं. फळ लागलं. लय मोठं."

"मखाणा? सच्ची?"

शांताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. कोहळ्याच्या रसानं त्यांचा सदरा डागळला होता आणि परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या पोट्ट्यासारखे ते चौकट धरून उभे होते.

"कोहळं," त्या म्हणाल्या. "पावसाळाभर तुझ्या बाबाले वाटलं मखाणा हाये, अन् पावसाळाभर ही सारी गल्ली हो म्हणत राहिली. पाणी कवा घालायचं सांगितलं, फुलं कशी जोडायची सांगितलं, वरतून भजे करून चारले. पुण्याले असते ना, तर पहिल्याच दिवशी कोणी चूक सुधरवून दिली असती, अन् मंग यांनी बियाच लावल्या नसत्या. घर विकायचं नाही, स्नेहल. मी ईरासाठी येत जाईन, गुडघा दुखला तरी येईन. पण तुझ्या बाबाले इथून हलवायचं नाही."